राहणारे : शून्य

"मावशी, दार जरा ओढून घ्या की. चिकटवायचं हाय."

नगरपरिषदेचा शिपाई हातात नोटिशींचा गठ्ठा आणि तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरून उभा होता. मालनबाईनं दार ओढून घेतलं. आतून. बाहेर पट्टी दाबल्याचा आवाज झाला, मग तो म्हणाला, "झालं, उघडा आता."

तिनं दार उघडलं आणि बाहेर येऊन, चष्मा पुसून, स्वतःच्याच दारावरची नोटीस वाचली. 'सदर मिळकत बंद असल्याचे आढळून आले आहे. राहणारे : शून्य. सबब या वर्षीची घरपट्टीची आकारणी बंद घर या वर्गात करण्यात येत आहे.'

"हे काय वो?"

"घर बंद हाय म्हणून लिवलंय."

"आनि मी?"

शिपायानं तिच्याकडं बघितलं, नोटिशीकडं बघितलं. त्याचा नाइलाज होता, आणि पुढच्या गल्लीत अजून बरीच दारं होती. "तुमी हरकत घ्या मावशी," तो म्हणाला. "सुनावणी असती. सांगा तिथं, हाय म्हणून."

तो गेला. मालनबाई उंबऱ्यात उभी राहिली. तिला राग आला नाही, रडू आलं नाही. नवरा गेल्यापासून तिला काहीच येत नव्हतं. भूक लागते म्हणून नव्हे, तर भात शिजला म्हणून ती जेवायची. अंधार पडला म्हणून दिवा लावायची. नोटीस तिनं पुन्हा एकदा वाचली आणि तिच्या मनात आलं, की खोटं काय लिहिलंय त्यात?

*

सावळवेढे हे मागांचं गाव. पूर्वी गल्लोगल्ली यंत्रमागांच्या शेड होत्या आणि त्यांच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलायची. आता माग आपोआप चालतात. शेडमध्ये माणूस नाही, म्हणून दिवाही नाही. अंधारातच कापड विणलं जातं आणि सकाळी दाराबाहेर येतं. गावात मात्र मागांची थरथर अजून तशीच आहे. फुलपात्रातल्या पाण्यावर बघितली तर दिसते.

घरपट्टी आता घराच्या लांबीरुंदीवर नाही, वापरावर लागते. घरात किती माणसं राहतात, तिथं धंदा चालतो का, घर नुसतं कुलूप घालून ठेवलंय का, हे सगळं बघून आकारणी होते. वाईट कायदा नव्हता तो. शहरात गेलेल्यांची घरं वर्षानुवर्षं पडून आणि इथं कामाला आलेली माणसं पत्र्याखाली, हे कुणाला बघवत नव्हतं. पण माणसं ती माणसंच. विजेची बिलं यावीत म्हणून लोकांनी रिकाम्या घरात घड्याळावर चालणारे दिवे लावले, शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी शपथा घेतल्या. तेव्हा नियम झाला, की कागद चालणार नाही आणि साक्षही चालणार नाही. जमीन सांगेल ते खरं.

जमिनीला बोलतं करणाऱ्या त्या यंत्रणेचं नाव होतं 'चाहूल'. प्रत्येक गल्लीखाली इंटरनेटची काचतार आधीच पुरलेली होती, केसाएवढी बारीक. तिच्यातून प्रकाशाचे झटके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात जागोजागी कण राहतातच, आणि त्या प्रत्येक कणावरून थोडासा प्रकाश माघारी येतो. वर कुणी चाललं की जमीन हलते, जमीन हलली की तार ताणली जाते. ताण इतका सूक्ष्म की कोळ्याच्या जाळ्यालाही कळू नये. पण माघारी येणाऱ्या प्रकाशाची लय तेवढ्यानं चुकते. जुने कारागीर ताण्यावर नुसतं बोट ठेवून कुठला धागा सैल पडलाय ते सांगायचे, तसंच हे. कुणी टाच आधी टेकतं, कुणी फरफटतं, कुणाचा डावा पाय हलका पडतो. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून प्रत्येकाचा पायठसा वेगळा. पायठसे मोजले की राहणारे मोजले.

मालनबाईच्या नवऱ्याचा, विरूपाक्ष होगाडे यांचा, पायठसा या घरात चाहूल बसली त्या दिवसापासून होता. ते वारल्याची नोंद झाली आणि तो वजा केला गेला. एकातून एक गेला.

*

हरकत मालनबाईनं घेतली नाही. तिच्या लेकीनं, सारिकानं बेळगावात बसून फोनवरूनच घेतली आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी ती स्वतः येऊन थडकली. सारिका दवाखान्यात नर्स होती. चालायची अशी, की वॉर्डातले पेशंट आधीच उठून बसावेत. ती गल्लीत शिरली तशी समोरची गिरजाक्का ओट्यावरून ओरडली, "आली गं मालन तुझी पलटण!"

"आई, मला एक सांग," सारिका पिशवी टाकत म्हणाली. "एवढी वर्षं झाली यंत्र बसून. आप्पा असताना राहणारे किती लागत होते?"

"एक."

"आणि तू कधी विचारलं नाहीस?"

"घरपट्टी कमी येत हुती. कशाला इचारायचं?"

सारिकाला हसू आलं आणि मग आलं तसंच ते गेलं. संध्याकाळी तिनं विषय काढला. "तू चल माझ्याकडं. घर बंद धरलं तर नगरपरिषद ते कामगारांना भाड्यानं देईल, देऊ दे. फरशी उकरून नवीन काँक्रीट घालतील, मोरी नीट करतील. घर तुझ्याच नावावर राहील."

"फरशी उकरत्यात?"

"मग? ही काय फरशी आहे? खालून पोकळ सगळी."

मालनबाईनं माजघराच्या कोपऱ्याकडं बघितलं. खिडकीखालच्या त्या जागेवर शहाबादी फरशीचा रंग थोडा वेगळा होता, माणसाच्या अंगाएवढा, तेलकट, काळसर. तिथं आता काही अंथरलेलं नव्हतं. तरी ती त्या जागेवरून कधी जायची नाही, वळसा घालून जायची.

"उद्या येती मी तुज्यासंगं," ती म्हणाली. "हाय म्हणून सांगती."

*

सभागृहाबाहेर हरकतदारांची गर्दी होती. एका शेतकऱ्याच्या घरात चाहुलीनं सहा राहणारे जास्त धरले होते. "म्हशी हाईत वो त्या!" तो येईल त्याला सांगत होता. "म्हशीस्नी भाडेकरू धरलंय यांनी! भाडं कोण देतंय मला?" सगळे हसत होते. मालनबाईच्या तोंडावरची रेषही हलली नाही. सारिकानं तिचा हात हातात घेतला. तो थंड होता, जिवंत माणसाचा असतो त्यापेक्षा थोडा जास्त.

सुनावणी अधिकारी पाटणे तरुण नव्हते आणि उर्मटही नव्हते. दिवसभर लोकांचं ऐकून त्यांचा आवाज बसला होता. शेजारी लॅपटॉप उघडून चाहुलीची तंत्रज्ञ रेहाना बागवान बसली होती.

"मावशी, तुम्ही त्या घरात राहता?"

"व्हय."

"आत्ता तुम्ही माझ्यासमोर आहात हे मला दिसतंय. पण त्या घरात राहता हे मला कसं दिसणार? यंत्राला तुमचा एकही पायठसा मिळालेला नाही. कालपासून एक आहे, पाहुण्याचा."

"तो माझा," सारिका म्हणाली. "साहेब, मी पोटात असल्यापासून ही बाई त्या घरात आहे!"

"ताई, समजतंय मला. गेल्या महिन्यात एक जण हातात भाजीची पिशवी घेऊन आला होता, आत्ताच घरून आलो म्हणून. तो राहतो दुबईत."

रेहाना पडद्यावर काहीतरी शोधत होती. "मावशी, घरात मांजर आहे का?"

"न्हाई."

"कधीच नव्हतं?"

"ह्यांना केसाचा त्रास हुता. सुताचे कण बसल्याले छातीत. मांजर कुठलं पाळताय."

"नोंद आहे इथं. दिवसभर आहे. लहान प्राणी." रेहानानं वर बघितलं. "सर, या गावात आपण बारीक कंप सगळे गाळून टाकतो. मागांच्या थरथरीत ते मिसळतात म्हणून. त्या गाळणीच्या कडेला काहीतरी अडकलंय. अगदी हलकं. मला घर बघायला लागेल."

पाटण्यांनी घड्याळाकडं, मग बाहेरच्या म्हशीवाल्याकडं बघितलं आणि पुढच्या सुनावण्या दुसऱ्या दिवसावर ढकलल्या.

*

घरात शिरताना पाटण्यांनी बूट काढले. रेहानानं लॅपटॉप खिडकीत ठेवला. हिरव्या चौकटीत घराचा नकाशा होता आणि वर लिहिलं होतं, 'राहणारे : शून्य.'

"मावशी, पाणी आणा बरं आम्हाला. रोजच्यासारखं चाला."

मालनबाई स्वयंपाकघरात गेली, तांब्या भांडं घेऊन आली. पडद्यावर एक रेघ उमटल्यासारखी झाली आणि विरली. पाटणे तिच्या पायांकडं बघत होते. तिची टाच जमिनीला लागतच नव्हती. चवड्यावर, बोटं आधी पसरून, जणू प्रत्येक वेळी फरशीला विचारून पाय ठेवत होती.

"असं का चालता?"

"कसं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. सांगितलं ते सारिकानं.

"आप्पा कायम रातपाळीला. सकाळी यायचे, इथं खिडकीखाली अंथरायचे आणि पाचपर्यंत झोपायचे. मागावर जन्म गेल्यानं कानानं काही ऐकू यायचं नाही. भांडं पडलं तरी कळायचं नाही. पण फरशी हलली की दचकून उठायचे. अंगाला कळायचं त्यांच्या. त्यामुळं आम्ही हवं ते बोलायचो, भांडायचो, आई तर गायची मोठमोठ्यानं. फक्त टाच टेकायची नाही. मी एकदा दोरीवरच्या उड्या मारल्या आणि त्या रात्री झोपेच्या गुंगीत त्यांचं बोट मागात सापडलं. त्यानंतर मी पण टेकवली नाही टाच. लग्न होऊन बेळगावला गेले आणि पहिल्या दिवशी नव्या घरात नुसती दाणदाण चालले. सासूला वाटलं, रागावली सूनबाई."

"आणि ते निवृत्त झाल्यावर?"

"शेड बंद पडली. झोप दिवसाचीच राहिली."

पाटणे खिडकीकडं वळले आणि आपणही चवड्यावर चालतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच थांबले. रेहाना मात्र पडद्यावर मागे मागे जात होती.

"सर, एक आहे. रोज पाचच्या सुमारास, त्या खिडकीखाली, दोन ठोके. जोरदार. त्यानंतर लगेच होगाडेंचे पाय सुरू होतात. यंत्रानं ते 'इतर' म्हणून टाकलेत, उखळ किंवा काही पडलं म्हणून. पण ही टाच आहे. माणसाची."

"ती आई," सारिका म्हणाली. "तशीच उठवायची त्यांना. उशाशी उभी राहून टाच आपटायची दोनदा."

"झालं तर मग!" पाटण्यांचा बसलेला आवाजही जरा उघडला. "मावशी, टाच आपटा. जुन्या ठोक्यांशी जुळली की तुम्ही इतकी वर्षं इथं होता हे यंत्रच सांगेल. हरकत मंजूर. या इकडं."

मालनबाई हलली नाही.

"आई, ये ना."

"न्हाई जमायचं."

"अगं, दोन ठोके. एवढंच."

"न्हाई म्हटलं न्हवं."

*

त्या दिवशीही तिनं टाच आपटली होती. पाच वाजले होते, चहाला आधण ठेवलं होतं. दोनदा आपटली. ते उठले नाहीत. गाढ लागलीय म्हणून थांबली आणि परत दोनदा आपटली. मग आपटत राहिली, घोटा सुजेपर्यंत, आणि फरशी हलत राहिली, खिडकीतलं भांडं वाजत राहिलं, आणि ते अंग काही दचकलं नाही. गिरजाक्का धावत आली तेव्हा तिला ओढून बाजूला घ्यावं लागलं होतं.

तेव्हापासून तिनं त्यांना उठवलं नव्हतं. जोवर उठवलं नाही तोवर ते नुसते निजलेले होते. रोज सगळं आवरून ती चवड्यावर त्या जागेला वळसा घालायची, आणि दिवस तसाच जायचा, पाच न वाजता.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. पण सारिका नर्स होती, आणि मागच्या वेळी आईच्या घोट्याला पट्टी तिनंच बांधली होती. ती पाटण्यांकडं वळली.

"साहेब," ती म्हणाली. "दुसरं काही नाही का? तिच्या पायात काही बांधता येत नाही? वाळ्यासारखं?"

"तसं केलं तर उद्या सगळेच वाळे आणून रिकाम्या घरात टांगतील ताई." पाटणे जमिनीकडं बघत म्हणाले. "आज मी पुरावा नाही म्हणून लिहिलं की प्रकरण संपतं. पुढच्या महिन्यात भाड्यानं द्यायच्या घरांची यादी लागते. माझ्या हातात तेवढंच आहे."

मालनबाईनं विचारलं, "फरशी उकरत्यात न्हवं?"

"हो मावशी. सगळीच."

ती त्या काळसर जागेकडं बघत राहिली. आपटली तर ते गेले. नाही आपटली तर त्यांची जागा गेली.

"पाच वाजलं?" तिनं विचारलं.

"अजून नाही. चारही नाहीत."

"मग थांबा. अवेळी उठवलं की डोकं धरतंय त्यांचं."

पाटणे भिंतीला टेकून बसले. रेहानानं ओढणी आवरून पाय पोटाशी घेतले. सारिकानं चहा टाकायला उठून, उठल्यासारखं करून, पुन्हा बसून घेतलं. आणि मालनबाई, करायला काही नव्हतं म्हणून, दारातलं निवडायचं सूप ओढून बसली आणि तिच्या नकळत तिचा आवाज लागला. पातळ होता, पण नितळ. या घरात भरदुपारी जो आवाज नेहमी घुमायचा, आणि ज्याच्यासाठी घुमायचा त्यानं कधीच ऐकला नव्हता.

दिस आला डोईवर, माझ्या घरात हाये रात
निजला माझा राजा, सूत अडकलं केसात.

रेहानानं पडद्याकडं बघितलं. हवेतला आवाज काचतारेपर्यंत पोचत नाही, हे तिला माहीत होतं, तिनंच ते प्रशिक्षणात कितीदा सांगितलं होतं. घरात चार माणसं बसली होती, त्यातली एक गात होती, आणि वर लिहिलं होतं, राहणारे : शून्य. तिनं पडदा पाटण्यांकडं वळवला. त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली.

बाहेर ऊन ओट्यावरून खाली उतरलं. पूर्वी पाचला शेडचा भोंगा व्हायचा. आता होत नाही. तरी मालनबाईनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आधी आत जाऊन चहाला आधण ठेवलं. मग आली. ती वळसा न घालता सरळ आली, खिडकीखाली, उशाच्या जागेपाशी. पदर खोचला. खाली बघून हळूच म्हणाली, "उठा वो. पाच वाजलं."

आणि टाच आपटली. एकदा. दोनदा.

फरशी खालून दणाणली. खिडकीतलं भांडं किणकिणलं. पडद्यावर दोन उंच रेघा उभ्या राहिल्या, जुन्या रेघांवर जाऊन बसल्या, आणि चौकटीच्या वरचा आकडा बदलला.

"जुळलं!" रेहाना ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पाटण्यांनी डोळे मिटून घेतले. सारिका रडत होती. सगळे पडद्याकडं बघत होते.

मालनबाई फरशीकडं बघत होती. त्यांना उठायला नेहमी थोडा वेळ लागायचा. आधी डावा हात हलायचा, मग ते कूस बदलायचे, मग डोळे न उघडताच हातानं विचारायचे, चहा? ती तेवढा वेळ थांबली. मग अजून थोडा.

आत आधण उतू जायला लागलं.

"आई, मी बघते," सारिका म्हणाली.

"बस तू."

ती निघाली. आणि पहिल्याच पावलाला अडखळली, कारण टाच वर उचललीच गेली नाही. अख्खा पाय फरशीवर टेकला होता. दुसराही टेकला. खालून काहीतरी वर चढत होतं, पायातून, घोट्यातून. तिला आधी कळेना काय ते. तिनं दाराच्या चौकटीला धरलं.

गार होती फरशी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या फरशीवर चालत होती, आणि ती एवढी गार आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.